बंब पोचेपर्यंत : खान्देशातल्या घरांसाठी आगीची तयारी

अग्निशमनाचा बंब असतो जळगाव-धुळ्याच्या महापालिकेत, नाहीतर अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा अशा तालुक्याच्या नगरपालिकेत. आपलं गाव तिथून कितीतरी किलोमीटर आत असतं. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांना तर मध्ये घाट आणि कच्चा रस्ता. फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला आणि बंब लगेच निघाला, तरी वाटेचा वेळ कुणालाच वाचवता येत नाही. गादी, कापूस किंवा गवताचं छप्पर पेटलं की खोली धुरानं भरायला मात्र काही मिनिटं पुरतात. मधल्या वेळात जे काही व्हायचं ते घरच्यांच्या आणि गल्लीतल्यांच्या हातून होतं. म्हणून तयारी त्याच वेळेची करायची. पुढे लिहिलेलं बहुतेक काम एका रविवारी उरकण्यासारखं आहे आणि त्यातलं बरंचसं बिनपैशाचं आहे.

आधी बाहेर पडायची वाट

लोक आधी आग विझवायचं सिलिंडर आणायला निघतात. माझं सांगणं असं की आधी दार बघा. आगीत माणूस ज्वाळेपेक्षा धुरानं जास्त दगावतो, आणि झोपेत धुराचा वास येऊन जाग येईलच असं नाही. अंधारात, खोकत, डोळे चोळत आपण घराबाहेर कसे पडणार, हा पहिला प्रश्न.

रात्री सगळे झोपायच्या वेळी घरातून एक चक्कर मारा. दिवसा नको, रात्रीच मारा, कारण रात्री घर वेगळं असतं. चॅनल गेटला आतून कुलूप असतं आणि किल्ली बाबांच्या उशाखाली किंवा आजीच्या बटव्यात असते. बोळीत दोन मोटारसायकली लावलेल्या असतात. मागच्या दाराला गव्हाच्या कोठ्या टेकवलेल्या असतात. जिन्यात जुनी खाट आणि सरपण. एकुलत्या एक मोठ्या खिडकीत मार्चपासून जूनपर्यंत कूलर बसवलेला असतो, म्हणजे ती खिडकी चार महिने बंदच. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात कूलर काढा असं कोण म्हणेल? पण मग त्या खोलीला दुसरी वाट हवी.

हे असं करा:

१. रात्रीच्या कुलपाची किल्ली दाराशेजारी ठरलेल्या खिळ्यावर टांगा. बाहेरून हात पोचणार नाही, पण आतून लहान मुलाचाही पोचेल अशा उंचीवर. घरातल्या प्रत्येकाला ती जागा डोळे मिटून सापडली पाहिजे.

२. झोपायच्या प्रत्येक खोलीतून दोन वाटा शोधा. दुसरं दार नसेल तर एका खिडकीची जाळी बिजागरीवर बसवून घ्या आणि तिला आतून उघडणारी कडी लावा. गावातला वेल्डिंगवाला हे काम सहज करून देतो. चोरीच्या भीतीनं बसवलेली, कुठूनच न उघडणारी जाळी आगीच्या वेळी घराचा पिंजरा करते.

३. दारासमोरची आणि जिन्यातली अडगळ हलवा. उन्हाळ्यात घरातले अर्धे लोक गच्चीवर किंवा धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, झोपतात. खाली आग लागली तर जिना हाच धुराडं होतो, म्हणून गच्चीवरून उतरायला लाकडी शिडी वरच ठेवा, किंवा शेजारच्या गच्चीवर कसं जायचं ते ठरवून ठेवा.

४. कोण कुणाला घेणार हे नावानिशी ठरवा. तान्ह्या बाळाला आई, आजीला थोरला मुलगा, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना दोघं मिळून चादरीवर ओढत. ज्यांना चालता येत नाही त्यांची खाट तळमजल्यावर आणि दाराजवळ असावी.

५. बाहेर जमायची एकच जागा नक्की करा. मारुतीचा पार, समोरचा निंब, हातपंप, काहीही चालेल. तिथं डोकी मोजायची. बाहेर आलेला माणूस परत आत जाणार नाही, ना दागिन्यांसाठी, ना कागदांसाठी.

मग हे सगळं एकदा दिवे मालवून करून बघा. मुलांना यात गंमत वाटते, वाटू द्या. अहिराणी बोलणाऱ्या घरात आरोळीही अहिराणीतच ठरवा: “आग लागनी, बाहेर निंघा!” घाबरलेल्या माणसाला आपल्या बोलीतली हाक लवकर कळते. भेदरलेली लहान मुलं खाटेखाली किंवा कपाटामागे लपतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की आगीत लपायचं नाही, हाकेला ओ द्यायची आणि दाराकडे यायचं.

घरात साठवलेला कापूस

खान्देशातल्या आगीबद्दल बोलायचं आणि कापसाबद्दल नाही, असं होऊच शकत नाही. वेचणी सुरू होते ती दसरा-दिवाळीच्या सुमाराला. भाव पडलेला असतो, गावात येऊन कापूस घेणारा खेडा खरेदीवाला मागतो ते परवडत नाही, म्हणून कापूस वसरीत, पुढच्या खोलीत, कधी थेट आढ्यापर्यंत भरून ठेवला जातो. दिवाळीचे फटाके गल्लीत उडतात तेव्हा पहिल्या वेचणीचा कापूस घरात असतो, आणि भावाची वाट पाहता पाहता होळीनंतरचं ऊन सुरू होतं तेव्हाही तो तिथंच असतो. शेतकऱ्यावर ही वेळ भावानं आणलेली आहे, त्याला यासाठी बोल लावण्यात अर्थ नाही. पण ढिगाशेजारीच माणसं झोपतात. म्हणून हा भाग नीट वाचा.

कापूस पेटतो कसा, ते आधी समजून घ्या. वरच्या मोकळ्या तंतूंवरून ज्वाळा क्षणात पसरते. ती विझल्यासारखी दिसली तरी विस्तव ढिगाच्या पोटात शिरलेला असतो आणि तिथं तो तासन् तास, कधी दिवसभर धुमसतो. या धुमसण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. दुसरी गोष्ट, कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे साधं पाणी त्यावरून ओघळून जातं आणि आत मुरत नाही. पाण्यात थोडी साबणाची पावडर कालवली तर ते आत उतरतं.

आता साठवण्याचं. शक्य असेल तर कापूस राहत्या घरात नकोच. वेगळी खोली, पत्र्याचं शेड, भावकीतलं रिकामं घर बघा. तसं जमत नसेल तर निदान ज्या खोलीत कापूस आहे तिथं कुणी झोपायचं नाही. त्या खोलीची वीज मेनमधूनच बंद करा. ते होत नसेल तर भिंतीवरच्या बोर्डापासून आणि वायरीपासून ढीग हातभर दूर ठेवा, आणि पिवळा बल्ब काढून एलईडी लावा, कारण पिवळा बल्ब तापतो आणि कापूस वाढत वाढत होल्डरपर्यंत पोचतो. कापसाच्या खोलीत मोबाइल चार्जिंगला लावू नका. तिथं देवाचा दिवा, उदबत्ती, मच्छर कॉइल, बिडी काही नको. ढीग कधीही दारासमोर रचू नका, दारातून आत जायला माणूसभर वाट मोकळी राहू द्या. दिवाळीच्या दिवसांत त्या खोलीच्या खिडक्या, झरोके आणि पत्र्याच्या फटी बंद करा. उडता बाण आत यायला टीचभर फट पुरते.

गाडी भरायच्या दिवशी धोका सगळ्यात जास्त. ट्रॅक्टर किंवा टेम्पोचा सायलेन्सर तापलेला असतो, खाली कापूस सांडलेला असतो, भरणाऱ्यांपैकी कुणाच्या तोंडात बिडी असते. गाडी ढिगापासून लांब उभी करा, इंजिन बंद करून घ्या, आणि बिडीचं आधीच स्पष्ट सांगा. पाहुणा असो की व्यापारी, भिडेखातर गप्प राहू नका.

दाराबाहेर पाण्याचा भरलेला ड्रम, दोन बादल्या, साबणाची पुडी आणि पाठीवरचा फवारणी पंप तयार ठेवा. पंप स्वच्छ धुतलेला हवा. त्यात औषधाचा अंश राहिला असेल तर त्याची फवार तोंडावर येते. ठिणगी पडल्याचं लगेच लक्षात आलं आणि आग हातभर जागेतच असेल तर त्याच पंपानं कडेकडेनं आत भिजवत जा. पेटलेला कापूस हातानं उपसून फेकू नका, कारण वाऱ्यावर उडालेला एकेक पुंजका नवी आग लावतो. ज्वाळा छातीच्या वर गेली की विझवणं सोडा आणि बाहेर या.

आग विझली असं वाटलं तरी तो कापूस घरात ठेवू नका. भिजवून भिजवून थोडा थोडा बाहेर काढा, मोकळ्या जागी पातळ पसरा, आणि रात्रभर कुणीतरी त्यावर पहारा ठेवा.

गॅस आणि चूल

उज्ज्वला योजनेपासून घरोघरी गॅस आला, पण चूल गेली नाही. भाकरी चुलीवरच, खापरावरचे मांडे चुलीवरच, आणि सिलिंडरही त्याच खोलीत. चूल पेटलेली असताना शेजारी सिलिंडर असणं हे आपल्याकडचं सगळ्यात सहज टाळता येणारं संकट आहे. चूल परसात किंवा पडवीत न्या. दोन्ही एकाच खोलीत ठेवणं भागच असेल तर चूल पेटवण्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि मध्ये जास्तीत जास्त अंतर ठेवा.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळायला लागला की तो वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर उभा, मोकळ्या जागी, शेगडीच्या पातळीच्या खाली ठेवायचा. बंद कपाटात किंवा खड्ड्यात नाही. नवा सिलिंडर घेताना सील बघा, वॉल्वमधली रबरी रिंग जागेवर आहे का ते बघा, आणि वरच्या पट्टीवरचा तपासणीचा शेरा वाचा. ‘बी २८’ म्हणजे एप्रिल ते जून २०२८. ए म्हणजे वर्षाचे पहिले तीन महिने, डी म्हणजे शेवटचे तीन. ती तारीख उलटलेला सिलिंडर परत करा. नळी आयएसआय शिक्क्याची असावी आणि पाच वर्षांनी, भेगा दिसल्या तर आधीच, बदलावी. गळती तपासायची ती साबणाच्या फेसानं. काडी ओढून कधीच नाही.

वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका, पंखाही नको. बटणातली ठिणगी पुरेशी असते. रेग्युलेटर बंद करा, तो काढून वॉल्ववर प्लास्टिकची टोपी घट्ट बसवा, दारं-खिडक्या सताड उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, आणि बाहेर गेल्यावर १९०६ या गॅस गळतीच्या मदत क्रमांकावर फोन करा. रेग्युलेटरपाशी गॅस पेटलेला असेल आणि हात पोचत असेल तर ओली गोणपाट किंवा जाड ओली चादर पुढे धरून टाका आणि लगेच वॉल्व बंद करा. वॉल्व बंद होत नसेल तर नुसती ज्वाळा विझवून उपयोग नाही, गॅस खोलीत साचून मोठा स्फोट होऊ शकतो. अशा वेळी, किंवा सिलिंडर स्वतःच आगीत तापत असेल तेव्हा, घर सोडा आणि शेजाऱ्यांनाही लांब न्या.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतू नका. उकळत्या तेलात पाणी पडलं की त्याची वाफ होऊन पेटतं तेल आढ्यापर्यंत उडतं. शेगडी बंद करा, कढईवर मोठं झाकण किंवा परात सरकवा, आणि कढई पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उचलू नका, कढई हलवू नका. कुरडया-शेव तळायच्या दिवशी परात हाताशीच ठेवत चला. पदर खोचलेला हवा आणि तळणाच्या वेळी अंगावर सुती कपडा हवा. सिंथेटिक साडी वितळून कातडीला चिकटते.

वीज

यातलं बरंच काम वायरमनचं आहे, पण हिशोब तुम्हाला यायला हवा. लहान पिनचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणजे २३० व्होल्टला साधारण १३८० वॅट. मोठं १६ अँपिअरचं म्हणजे सुमारे ३६८० वॅट. गिझर २००० वॅटचा असतो, इस्त्री १००० ची. कूलर, फ्रिज आणि इस्त्री एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावली की वायर भिंतीच्या आत तापत राहते आणि बाहेर काही दिसत नाही. बोर्ड हाताला गरम लागणं, प्लग काळा पडणं, जळका वास, दिवा लुकलुकणं यातलं काहीही दिसलं तर तो बोर्ड त्याच दिवशी बंद करा.

मेनला एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारं बटण) असावा आणि त्यासोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) बसवून घ्या. फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे हात प्रत्येक गल्लीत आहेत; तो फ्यूज उडून घर वाचवत होता. उन्हाळ्याआधी कूलरची वायर, अर्थिंग आणि पंप तपासून घ्या. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढा. इलेक्ट्रिक स्कूटर रात्रभर दारात किंवा जिन्यात चार्जिंगला लावू नका. तिची लिथियम बॅटरी पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. कंपनीचाच चार्जर वापरा, जागेपणी चार्ज करा, आणि आपटलेली किंवा फुगलेली बॅटरी घरात ठेवू नका.

गोठा, गंजी, देवघर

कडब्याची गंजी आणि पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग घराच्या भिंतीला टेकवू नका, आणि विजेच्या तारांखाली तर मुळीच रचू नका. वाऱ्यात तारा एकमेकींना लागल्या की ठिणग्या खाली पडतात. अशी लोंबलेली तार दिसली तर महावितरणला १९१२ वर कळवा. गोठ्यातली जनावरं एका झटक्यात सुटेल अशा गाठीनं बांधा आणि तिथं एक विळा टांगून ठेवा, वेळ आली तर दोर कापायला. हिवाळ्यात शेतात वांगी भाजून भरीत पार्टी झाली की पऱ्हाट्यांच्या निखाऱ्यांवर नुसती माती ओढून घरी जाऊ नका. पाणी घाला, काडीनं उसकटून पुन्हा पाणी घाला.

नवरात्रातला अखंड दिवा आणि श्रावणातल्या कानबाईची (खान्देशातल्या देवीची) जागरणाची रात्र, या दोन्ही वेळी दिवा परातीत वाळू किंवा पाणी घालून त्यात ठेवा. वर पडदा, तोरण, कागदी मखर नको, आणि कुणीतरी मोठं माणूस जागं असू द्या.

घरात काय ठेवायचं

एबीसी पावडरचं (लाकूड-कापड, तेल आणि गॅस या तिन्ही आगींवर चालणारं) ४ किलोचं, आयएसआय शिक्क्याचं एक अग्निशामक घ्या. ते शेगडीच्या वर न टांगता बाहेरच्या दाराजवळ टांगा, म्हणजे ते घ्यायला जाताना तुम्ही आपोआप वाटेकडेच जाता. महिन्याला एकदा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा. वापरायचं असं: पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखा, दांडी दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. ते काही सेकंदच चालतं. आग बादलीएवढी असेल आणि तुमची पाठ दाराकडे असेल तरच वापरा. कापसावर मात्र ही पावडर फक्त वरची ज्वाळा पाडते, आतला विस्तव तिनं विझत नाही.

झोपायच्या खोलीच्या छताला बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म लावा. स्वयंपाकघरात नको, फोडणीला तो रोज ओरडेल आणि मग कुणीतरी त्याची बॅटरी काढेल. पाण्याचे ड्रम आपल्याकडे असतातच, कारण बऱ्याच ठिकाणी नळाला काही दिवसांआड पाणी येतं. आगीत मेन बंद केला की मोटार चालणार नाही, म्हणून एक ड्रम कायम भरलेला ठेवा आणि त्याच्याजवळ बादल्या.

आग लागलीच तर

आरोळी द्या, सगळ्यांना उठवा. वाटेत असेल तर मेन बंद करा, नसेल तर थांबू नका. धूर असेल तर गुडघ्यांवर, जमिनीलगत सरका. चांगली हवा खालीच असते. बंद दार उघडण्याआधी तळहाताच्या मागच्या बाजूनं चाचपा. गरम लागलं तर उघडू नका, दुसऱ्या वाटेनं जा. बाहेर पडताना मागचं दार ओढून घ्या, आगीला हवा कमी मिळते. अडकलातच तर दाराच्या फटीत ओले कपडे कोंबा आणि खिडकीतून चादर हलवत ओरडा.

बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ वर फोन करा. गावाचं नाव, तालुका, कोणत्या फाट्यावरून आत यायचं, काय पेटलं आहे आणि आत कुणी आहे का, हे सांगा. एका माणसाला बॅटरी देऊन फाट्यावर उभं करा, दुसऱ्यानं गल्लीतल्या गाड्या आणि बैलगाड्या हलवाव्यात. बंब गावात येऊन गल्लीच्या तोंडाशी अडकतो, तो वेळ आपल्या हातातला असतो. गावात कुणाचा पाण्याचा टँकर आहे त्याचे नंबर आधीच दारामागे लिहून ठेवा.

कुणाच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळू देऊ नका. खाली पाडा, लोळवा, घोंगडी किंवा जाड सुती गोधडीत गुंडाळा.

भाजल्यावर

भाजलेल्या जागेवर साधं वाहतं पाणी वीस मिनिटं सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई, हळद, तूप काही नको. अशा लेपांनी उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरांना जखम आधी खरवडावी लागते. सूज चढण्याआधी बांगड्या, पाटल्या, जोडवी, अंगठ्या काढा. चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. मग स्वच्छ, कोरड्या सुती कापडानं सैल झाका. लहान मुलाचं किंवा म्हाताऱ्या माणसाचं अंग बरंच भाजलं असेल तर पाणी घालताना थंडी भरणार नाही असं बघा. न भाजलेला भाग पांघरुणात ठेवा. चेहरा, हात, जननेंद्रियं किंवा मोठा भाग भाजला असेल, धूर आत गेल्यानं आवाज बसला असेल किंवा नाकातले केस जळले असतील तर १०८ ला बोलवा. दिसायला बरं वाटलं तरी श्वासनलिका नंतर सुजू शकते.

आग विझल्यावर

बंबवाल्यांनी सांगेपर्यंत आत जाऊ नका, आणि वायरमननं तपासेपर्यंत वीज जोडू नका. धाब्याच्या घरात तुळई आतून जळलेली असू शकते. वरून माती शाबूत दिसली तरी त्यावर चढू नका. काहीही आवरण्याआधी फोटो काढा, कापूस जळला असेल तर उरलेल्या ढिगाचेही. तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या, पोलिसांत नोंद करा, आणि विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी सांगा. गॅसमुळे दुर्घटना झाली असेल तर एजन्सीला लेखी कळवा, कारण गॅस ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी विमा उतरवलेला असतो आणि त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही. आधार, पासबुक, जमिनीचे कागद यांच्या प्रती एखाद्या नातेवाइकाकडे किंवा डिजिलॉकरमध्ये असतील तर ही सगळी धावपळ निम्मी होते. सातबारा ऑनलाइन निघतो, पण बाकीचे कागद आजच दुसऱ्या घरी नेऊन ठेवा.